शेवटचं पुस्तक नको, बाई!

गेल्या वर्षीचा जुलै महिना. वेल्ह्याचा पाऊस म्हणजे काय, ते तोरण्याच्या पायथ्याशी एकदा राहिल्याशिवाय कळायचं नाही. सकाळी दहा वाजता वर्गात दिवा लावावा लागतो आणि नेमके तेव्हाच दिवे जातात! त्यात आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस. निम्मा वर्ग शेतात आणि उरलेला निम्मा पायाला चिखल घेऊन वर्गात. अशा दिवसांत शाळा सुटायच्या आधीचा अर्धा तास आम्ही गोष्टीसाठी राखून ठेवतो. मी टेबल खिडकीपाशी ओढते, मुलं सतरंजीवर गोळा होतात आणि पत्र्यावरच्या पावसापेक्षा मोठ्या आवाजात मी वाचायला लागते.

ही मुलं पाचवीत होती तेव्हा आम्ही 'हॅरी पॉटर आणि परीस' हे पहिलं पुस्तक उघडलं. मराठीत हाताला लागली तेवढी पुस्तकं मराठीतून वाचली, बाकीची मी इंग्रजीवरून सांगत गेले. पाचवी झाली, सहावी झाली. सातवीच्या त्या पावसाळी दुपारी सहावं पुस्तक संपलं. म्हातारे डंबलडोर गेले. वर्गात कुणी बोलेना. मग मी जरा उसन्या उत्साहानं म्हटलं, "चला, उद्यापासून सातवं. शेवटचं!"

तेव्हा भिंतीला टेकून बसलेली एक मुलगी म्हणाली, "शेवटचं पुस्तक नको, बाई."

"का गं?"

"वाचलं की संपलंच की सगळं."

मी हसले. दोनतीन मुलं तिला चिडवायला लागली. पण बालमित्रांनो, खरं सांगू का? तिचं म्हणणं मला पुरतं कळलं होतं असं मला वाटत होतं. ते पुरतं कळलं नव्हतं, हे मला फार उशिरा समजलं. ते पुढं येईलच.

त्याआधी एक घंटा वाजवते. या लेखात सातव्या पुस्तकाचा शेवट सांगितलेला आहे! ज्यांनी ते वाचलेलं नाही आणि ज्यांना ते वाचायचं आहे, त्यांनी इथंच थांबावं, अंक आईबाबांच्या हातात द्यावा आणि पुस्तक संपवून परत यावं. मी रागावणार नाही. गोष्टीचा शेवट कुणीतरी आधीच फोडला की कसं वाटतं, ते मला चांगलं ठाऊक आहे.

त्याचं असं झालं. हे सातवं पुस्तक, 'हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज', २१ जुलै २००७ रोजी प्रसिद्ध झालं. शनिवार होता. लंडनमध्ये मध्यरात्र उलटून एक मिनिट झाल्यावर विक्री सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे चार वाजून एकतीस मिनिटं झाली होती. पुण्या-मुंबईच्या दुकानांपुढे सकाळीच रांगा लागल्या. ब्रिटन आणि अमेरिका या दोन देशांतच मिळून पहिल्या चोवीस तासांत एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. भोरला त्या दिवशी फक्त पाऊस आला. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, भोरला बारावीत शिकत होते. आणि गंमत म्हणजे सातव्या पुस्तकात हॅरीही सतरा वर्षांचा होतो. (जादूगारांच्या जगात सतराव्या वर्षीच माणूस सज्ञान होतो. आपल्यापेक्षा एक वर्ष आधी!)

माझ्यापर्यंत पुस्तक पोचलं ते गणपतीत. पुण्याच्या आतेबहिणीनं ते वाचून संपवलं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि सुट्टीला येताना एस.टी.तून माझ्यासाठी आणलं. पण त्याच्या पंधरा दिवस आधी एस.टी. स्टँडवर आमच्या वर्गातल्या एका दिवट्यानं, सायबर कॅफेत वाचलेला अख्खा शेवट मला एका दमात ऐकवला होता. मी कानांवर हात ठेवले, तर त्यानं आवाज वाढवला! आज तो चांगला शेतकरी आहे, दोन पोरांचा बाप आहे आणि मी अजून त्याला माफ केलेलं नाही.

तर मी शब्दकोश शेजारी ठेवून ते पुस्तक वाचलं. सहाशेसात पानं. एका पानाला पहिल्यांदा पाऊण तास लागायचा, शेवटी शेवटी दहा मिनिटं. माझं इंग्रजी जे काही सुधारलं ते त्या दीड महिन्यात. बारावीचं इंग्रजीचं पुस्तक मात्र तसंच कोरं राहिलं, हे आईला कळायला नको होतं आणि नेमकं तेच तिला कळलं.

आता तुम्ही म्हणाल, एका पुस्तकासाठी एवढी वाट का पाहायची? आपल्याकडे काय गोष्टींची कमी आहे? नाही, अजिबात नाही. आमच्या वर्गाच्या पेटीत फास्टर फेणे आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे! भा. रा. भागवतांनी त्याची पुस्तकांवर पुस्तकं लिहिली. पण फेणेचं एक बरं आहे. कुठलंही पुस्तक आधी वाचा, कुठलंही नंतर. तो सायकलवर टांग टाकतो, संकटात उडी घेतो, 'टॉक' करतो आणि पुढच्या पुस्तकात परत शाळकरी पोरगाच असतो. त्याला शेवटचं पुस्तक लागतच नाही. हॅरीचं तसं नाही. पहिल्या पुस्तकात तो अकरा वर्षांचा होतो, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात तेरा. दर पुस्तकाला एक इयत्ता. म्हणजे तो तुमच्याबरोबर मोठा होतो आणि मोठं होणारा मुलगा कधी ना कधी शाळेतून बाहेर पडणारच. आमच्या सातवीच्या मुलांना हे मी सांगायची गरजच नव्हती. आमची शाळा सातवीपर्यंतच आहे. त्यानंतर कुणी वेल्ह्याला, कुणी नसरापूरला, कुणी भोरला, कुणी मामाकडे.

या गोष्टीचा जन्म कसा झाला, तेही थोडक्यात सांगते. १९९० साली जे. के. रोलिंग मँचेस्टरहून लंडनला निघाल्या होत्या. आगगाडीला उशीर झाला. त्या वाट पाहण्यात त्यांना चष्मेवाला, काळ्या केसांचा, आपण जादूगार आहोत हे ठाऊक नसलेला एक मुलगा सुचला. (आमच्या तालुक्यात रेल्वेच नाही, त्यामुळे मुलांना त्या गाडीचंच जास्त अप्रूप. "गाडी लेट झाली म्हणून पुस्तक झालं? मंग आमच्या एस.टी.मुळं किती व्हायला पायजेत!" इति आमचे एक विद्वान.) त्याच वर्षी, डिसेंबर महिन्यात रोलिंगबाईंची आई वारली. वय अवघं पंचेचाळीस. बरीच वर्षं आजारी होती. हॅरीबद्दल आईला काही सांगायचं राहूनच गेलं. आईवेगळ्या, बापावेगळ्या मुलाची गोष्ट मग पुढं सतरा वर्षं लिहिली गेली. पहिलं पुस्तक डझनभर प्रकाशकांनी नाकारलं. शेवटी १९९७च्या जून महिन्यात ते निघालं, तेव्हा त्याच्या पक्क्या बांधणीच्या प्रती छापल्या होत्या फक्त पाचशे! आणि २००७च्या जानेवारीत एडिंबरा शहरातल्या एका हॉटेलच्या खोलीत बसून त्यांनी सातवं पुस्तक संपवलं. संपवल्यावर तिथल्या एका संगमरवरी पुतळ्यावर तारखेसह तसं लिहूनही ठेवलं. (हे मी वर्गात सांगितलं आणि पस्तावले. दुसऱ्या दिवशी आमच्या बाकांवर तारखांसह बरंच काही लिहिलेलं निघालं.)

तर मुलांनी मत घेतलं. हात वर केले. एक विरुद्ध सगळे. आम्ही सातवं पुस्तक उघडलं.

सुरुवातीलाच हेडविग जाते. हेडविग म्हणजे हॅरीची पांढरी घुबड. दोन वर्षांपूर्वी याच मुलांनी "शी, घुबड!" म्हणून नाकं मुरडली होती. आमच्याकडे घुबडाला कुणी दगड मारत नाही. ते तो दगड उचलून नेतं आणि उगाळतं, आणि दगड जसजसा झिजतो तसतसा मारणारा झिजतो, असं म्हणतात. खरं नाही हो ते! पण गावोगाव बोलतात. आणि आता तीच मुलं एका घुबडासाठी डोळे पुसत होती. एकानं तर त्या दिवशी डबाच खाल्ला नाही.

मग सुरू होतो शोध. दुष्ट व्होल्डेमॉर्टनं आपल्या जिवाचे तुकडे करून ते वेगवेगळ्या वस्तूंत लपवलेले असतात. त्या वस्तूंना 'हॉरक्रक्स' म्हणतात. हे समजावून सांगायला मी फळ्याकडे वळले, खडू उचलला, तोवर मागून आवाज आला, "म्हंजी राक्षसाचा जीव पोपटात!" झालं! माझं काम संपलं. सात समुद्रांपलीकडे पिंजरा, पिंजऱ्यात पोपट आणि पोपटात राक्षसाचा जीव, ही गोष्ट त्यांनी आजीकडून कितीदा ऐकलेली. पोपटाची मान मुरगळल्याशिवाय राक्षस मरत नाही. रशियातही अशीच एक लोककथा आहे. तिथल्या दुष्टाचा जीव सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात. रोलिंगबाईंनी एका पोपटाचे अनेक पोपट केले. वही, अंगठी, लॉकेट, पेला, मुकुट, नागीण. आणि शेवटचा पोपट कोण, तर स्वतः हॅरी! व्होल्डेमॉर्टच्या जिवाचा एक तुकडा त्याच्याच कपाळाच्या खुणेमागे बसलेला, आणि हे खुद्द व्होल्डेमॉर्टलाही ठाऊक नाही. हे कळलं तेव्हा वर्गात अशी शांतता पसरली की, पन्हळीचं पाणी ऐकू येत होतं.

मला स्वतःला शेवटच्या पुस्तकात आवडतं ते हे, की आधीच्या पुस्तकांत कोपऱ्यात पडून असलेल्या वस्तू एकेक करून उठून पुढं येतात. पाचव्या पुस्तकात घर साफ करताना कुणालाच न उघडलेलं एक जड लॉकेट येतं. एका ओळीत येतं आणि जातं. सातव्यात कळतं, अरे, तोच तो हॉरक्रक्स! सहाव्यात हॅरी खूण म्हणून एका पुतळ्याच्या डोक्यावर जुना मुकुट ठेवतो. तोही तोच. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात डंबलडोर रस्त्यावरचे दिवे एका यंत्रानं विझवतात. तेच यंत्र सातव्यात, रुसून गेलेल्या रॉनला परत मित्रांपाशी आणतं. आमच्या वर्गात यावर पैजा लागायच्या. कुणाला कुठली वस्तू आठवते! अभ्यासात मागे पडणारा आमचा एक मुलगा यात सगळ्यांच्या पुढं होता. त्याचा लाडका नेव्हिल. विसराळू, घाबरट, सगळ्यांनी हसलेला नेव्हिल शेवटी तलवारीनं त्या नागिणीला मारतो, तेव्हा या पठ्ठ्यानं जी उडी मारली, ती मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत ऐकू गेली.

पण वर्गाला सगळ्यात जास्त भिडलं ते तिसरंच काहीतरी. डॉबी नावाचा छोटा घरगडी-भूत हॅरीला वाचवताना मरतो. हॅरी त्याच्यासाठी खड्डा खणतो. हातात कांडी आहे, क्षणात खड्डा होईल, पण तो जादू वापरत नाही. फावडं घेऊन, घाम गाळून, हाताला फोड येईपर्यंत खणतो. नंतर मित्रही हात लावतात. शहरातली मुलं हे वाचून काय म्हणतात मला माहीत नाही. आमच्या मुलांनी विचारलं, "बाई, जमीन कसली होती? मुरूम का माती?" समुद्राकाठची होती, असं मी सांगितलं. "मग पटकन झालं असंल," असं ठरलं. आणि त्यानं जादू का वापरली नाही, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

आता येते त्या पुस्तकाच्या नावातली गोष्ट. 'हॅलो' म्हणजे इथं फोनवरचं हॅलो नव्हे, पवित्र वस्तू! मुलांनी साधं नाव ठेवलं, 'मरणाच्या तीन वस्तू'. तीन भाऊ जादूनं पूल बांधून नदी पार करतात. मृत्यूच्या हातून सावज सुटतं. तो खोटं खोटं कौतुक करतो आणि म्हणतो, मागा काय हवं ते. थोरला मागतो, कधीही न हरणारी कांडी. मधला मागतो, मेलेल्यांना परत बोलावणारा दगड. धाकटा शहाणा. तो मागतो, मृत्यूला माझा माग लागू नये अशी वस्तू. मृत्यूला आपलाच अदृश्य करणारा झगा काढून द्यावा लागतो. थोरला कांडीची बढाई मारतो आणि रात्री झोपेत मारला जातो. मधला आपल्या मेलेल्या वाग्दत्त वधूला परत आणतो, पण ती या जगाची राहिलेली नसते. ती गप्प, उदास, दूर. शेवटी तोच तिच्या मागे जातो. धाकटा म्हातारा होईपर्यंत जगतो, झगा काढून मुलाला देतो आणि मृत्यूबरोबर ओळखीच्या माणसासारखा निघून जातो.

ही गोष्ट सुचायला चॉसर या जुन्या इंग्रज कवीची एक कथा कारणीभूत झाली, असं रोलिंगबाईंनी सांगितलं आहे. चॉसर इ.स. १४०० मध्ये वारला. त्याच्या कथेत तीन उनाड तरुण मृत्यूला मारायला निघतात, वाटेत त्यांना सोन्याचा ढीग सापडतो आणि त्या सोन्यापायी तिघंही एकमेकांचा जीव घेतात. आणि याच गोष्टीचं त्याहून जुनं रूप कुठं सापडतं, ठाऊक आहे? आपल्या जातककथांमध्ये! 'वेदब्भ जातक' तिचं नाव. आकाशातून रत्नं पाडणारा मंत्र, लोभी चोर, एकमेकांत कापाकापी आणि उरलेल्या दोघांपैकी एकजण भातात विष घालतो, दुसरा तलवार उपसून बसतो. दोघंही मरतात, रत्नं तशीच पडून राहतात. म्हणजे पाहा, विषाचा भात आमच्याच बाजूनं निघाला आणि फिरत फिरत इंग्लंडात जाऊन विषाची दारू झाला! हे मी शिक्षक होण्याआधी मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

हॅरीच्या हाती शेवटी तिन्ही वस्तू येतात. झगा तर पहिल्या पुस्तकापासून त्याच्याकडे आहेच. दगड त्याला मिळतो तो अगदी शेवटी, जंगलाच्या तोंडाशी. आपण मेल्याशिवाय व्होल्डेमॉर्ट मरणार नाही हे त्याला कळलेलं असतं, आणि तो एकटा, कुणाला न सांगता, मरायला निघालेला असतो. तो दगड फिरवतो. आई येते, वडील येतात, सिरियस आणि ल्युपिन येतात. धड भुतं नाहीत, धड माणसं नाहीत. ते त्याच्याबरोबर चालतात. आणि व्होल्डेमॉर्टसमोर उभं राहायची वेळ येते तेव्हा...

"तेव्हा त्यानं तो दगड टाकला," मी सांगितलं.

"टाकला? कशाला?"

मार्च महिना होता. परीक्षा जवळ आलेल्या. पण त्या दिवशी आम्ही घंटा होऊन गेल्यावरही अर्धा तास बसलो. खिशात ठेवायचा, असं निम्म्यांचं मत. पुन्हा लागला असता! दुसरे म्हणाले, ती मधल्या भावाची गोष्ट विसरलात का? मग एक मुलगा उठला. त्याचं आजोळ भोरकडे, भाटघर धरणाच्या काठाला. तो म्हणाला, "आमच्या मामाच्या तिकडं देऊळ हाय. पाण्यात." तुमच्यापैकी काहींनी ते पाहिलं असेल. भाटघरच्या पाण्यात बुडालेलं कांबरेश्वराचं देऊळ. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की ते वर येतं. लोक दर्शनाला जातात, हात जोडतात. पावसाळ्यात पाणी चढलं की देऊळ परत आत. तो मुलगा म्हणाला, "वर आलं म्हून लोक जात्यात. नारळ फोडत्यात. पर तिथं कोण ऱ्हात न्हाई, बाई."

याच्यावर मी काय बोलणार? मी पुस्तक मिटलं.

तेव्हा भिंतीपाशी बसलेली ती मुलगी म्हणाली, "मी असते तर टाकला नसता."

कुणीतरी हसलं. ती हसली नाही. घरी जाताना तिच्या मैत्रिणीनं मला सांगितलं, की हिचे आजोबा आदल्या दिवाळीत गेले. शाळा सुटली की ते वळणावरच्या आंब्याखाली काठी घेऊन उभे असायचे, तिला न्यायला. मी त्या वाटेनं रोज जाते. त्या आंब्याखाली कुणी उभं नाही हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. दिवाळीपासून!

पुढची पानं आम्ही भराभर वाचली. शेवटच्या कांडीवरून मात्र जुंपली. काही मुलांनी टीव्हीवर हिंदीतला सिनेमा पाहिलेला. या पुस्तकाचे दोन सिनेमे निघाले, २०१० आणि २०११ साली. सिनेमात हॅरी ती सर्वशक्तिमान कांडी मोडून दरीत फेकतो. पुस्तकात तसं नाही! पुस्तकात तो आधी त्या कांडीनं स्वतःची मोडलेली जुनी कांडी दुरुस्त करतो आणि मग ती मोठी कांडी होती तिथं, डंबलडोरांच्या समाधीत परत ठेवायचं ठरवतो. "सिनेमात डोळ्यांनी बघितलंय!" विरुद्ध "बाईंनी पुस्तकात वाचलंय!" असे दोन पक्ष पडले. मला विचाराल तर पुस्तकच बरं. ज्याला आपली तुटकी कांडी परत हवी आहे असा मुलगा मला जास्त ओळखीचा वाटतो.

सगळंच पुस्तक चांगलं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. मधे तिघं मित्र तंबू घेऊन रानोमाळ भटकतात ते फार लांबलंय. मी त्यातली बरीच पानं दोन वाक्यांत उरकली आणि कुणाची तक्रार आली नाही. ल्युपिन आणि टॉन्क्स या दोघांचं मरण तर आपल्यापुढं घडतच नाही, नुसते निजलेले दिसतात. एवढ्या पुस्तकांची सोबत, आणि निरोप असा? आणि ते शेवटचं, एकोणीस वर्षांनंतरचं प्रकरण! सगळ्यांची लग्नं झालेली, मुलं झालेली, मुलांना आवडत्या माणसांची नावं ठेवलेली. लेखिकेनं म्हणे ते बरंच आधी लिहून ठेवलं होतं. मला ते आधीच शिवून ठेवलेल्या झबल्यासारखं वाटतं. बाळ मोठं झालं तरी तेच घालायचं.

मुलांना मात्र ते फार आवडलं. लगेच हिशेब सुरू झाले. बारा आणि एकोणीस, एकतीस! "बाई, तवा मी ट्रॅक्टर घेतलेला असंल." "मी पोलीस." "बाई, तुमी किती वर्षांच्या असाल?"

"चोपन्न."

"म्हंजी अजून शाळेतच!"

हो रे बाबांनो, अजून शाळेतच.

इथं पालकांशी एक शब्द बोलते. हे पुस्तक लहानांचं समजून चौथीतल्या मुलाच्या हातात देऊ नका. पहिली तीन पुस्तकं खुशाल द्या. चौथ्यापासून माणसं मरायला लागतात, आणि सातव्यात तर फार मरतात. मुलगा अकरा-बारा वर्षांचा असला तरी निदान शेवटची पुस्तकं तुम्हीही वाचा, त्याच्याबरोबर किंवा त्याच्या मागून. तो मधेच उठून काही विचारेल तेव्हा ते कुठल्या पानावरून विचारतोय हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. मला ठाऊक होतं, तरी माझ्या हातून काय निसटलं ते सांगतेच.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ती मुलगी माझ्याकडे आली. "बाई, ते पुस्तक सुट्टीत द्याल का? आणि डिक्शनरी?"

"अगं, इंग्रजी आहे ते. अवघड जाईल."

"सगळं न्हाई वाचायचं. ते जंगलाचं तेवढंच."

मी तिला चौतिसावं प्रकरण काढून दिलं, पानाला खूण केली. जून महिन्यात शाळा सुरू झाली. ती आठवीला दुसऱ्या गावच्या शाळेत गेली. पुस्तक परत आलं ते तिच्या धाकट्या भावाबरोबर, तो आमच्याकडे तिसरीत आहे. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, आत एस.टी.चं तिकीट खुणेला. मी ते प्रकरण उघडलं. पानन् पान पेन्सिलीनं भरलेलं. जवळजवळ प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात मराठी अर्थ. काही चुकलेले, बरेचसे बरोबर. आणि तो दगड हातातून जातो त्या ओळीपाशी एका शब्दाभोवती गोल केलेला. 'स्लिप्ड'. वर लिहिलेलं, 'निसटला'. आणि समासात, माझ्यासाठीच असणार, 'त्याने टाकला नाही बाई.'

मी ती ओळ पुन्हा वाचली. खरंच की! बधिर झालेल्या बोटांतून दगड निसटतो, असंच तिथं आहे. मी अठरा वर्षांपूर्वी शब्दकोश घेऊन वाचलं होतं, तीन वर्गांना ही गोष्ट सांगितली होती, आणि दर वेळी 'टाकला' म्हणत आले होते. 'टाकला' म्हटलं की गोष्ट कशी ठाशीव होते, सांगायला बरी पडते.

त्या दगडाचा पुस्तकात पुढं आणखी एकदा उल्लेख येतो. छत्तिसाव्या प्रकरणाच्या अगदी शेवटी. सगळं संपल्यावर हॅरी डंबलडोरांच्या तसबिरीपुढे उभा राहतो आणि सांगतो, तो दगड जंगलात पडला, नेमका कुठं ते मला ठाऊक नाही, आणि मी तो शोधायला जाणार नाही. ती दोन पानं आम्ही एप्रिलच्या घाईत, परीक्षांच्या मधे कशीबशी उरकली होती. ती त्या दिवशी वर्गात होती की नाही, हेसुद्धा मला आठवेना.

मी एस.टी.चं तिकीट चौतिसाव्या प्रकरणातून काढलं, छत्तिसाव्याच्या शेवटी ठेवलं आणि पुस्तक तिच्या भावाच्या दप्तरात परत घातलं. डिक्शनरीही. दप्तर जड झालं म्हणून तो कुरकुरला. "ताईला दे," म्हटलं, "आणि सांग, घाई नाही."